लेकुरवाळीने वनौषधींचा अभ्यास केव्हा करावा?

चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ गावानजीक एक टेकडी आहे. लोक तिला संजीवनी बेट म्हणतात. दुर्मिळ वनौषधींसाठी ही टेकडी लातूर जिल्ह्याबाहेरही ठाऊक असून, सूर्य उत्तरा नक्षत्रात असता, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, तेथे औषधी पाल्यासाठी माणसांची ये-जा सुरू होते. पावसाने पोसलेल्या वनस्पती त्या वेळी पानाफुलांवर असतात व ओळखू येतात. ज्यांना वनस्पती शिकावयाच्या आहेत त्यांच्यासाठी वर्षातला हाच उत्तम पंधरवडा.

परंतु हाच पंधरवडा चाकूरकडील शेतकरी स्त्रीला सर्वांत अडचणीचा असतो. मूग-उडदाची रास नुकतीच घरात आलेली असते, सोयाबीन पिवळे पडू लागलेले असते, काढणीची मजुरी ठरावयाची असते. तिच्या कडेवर वर्षाचे मूल असले तर टेकडी चढून झाडे पाहण्याची गोष्ट बोलावयासही नको. वनौषधींचे ज्ञान जिला सर्वांत अधिक उपयोगी, तिलाच ते मिळविण्यास वेळ नाही, अशी ही स्थिती आहे. सासरी आल्यापासून कानावर पडलेल्या चार गोष्टी, शेजारणीने सांगितलेल्या दोन आणि अलीकडे मोबाइलवर आलेल्या दहा, एवढ्यावर तिचे घरगुती औषध चालते. यास अभ्यास म्हणता येणार नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत अर्धवट माहिती ही अज्ञानाइतकीच घातक असते.

यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. आता गावोगावी उपकेंद्रे झाली, आशा कार्यकर्ती दारी येते, १०८ क्रमांकावर गाडी मिळते, तेव्हा आजीबाईचा बटवा गुंडाळून ठेवावा, असे एक मत. दुसरे मत असे, की आईला सारे उपजतच कळते, तिला शिकवावयाचे काय? दोन्ही मते सोयीची आहेत. कारण दोहोंतही घरातील इतरांना काही करावे लागत नाही. वस्तुस्थिती अशी आहे, की मुलाला खोकला झाला, पोट बिघडले, अंगावर पुरळ उठले म्हणजे पहिला निर्णय आई घेते, आणि तो बहुधा रात्री घेते. तो निर्णय तिने समजून घ्यावा असे वाटत असेल, तर तिला विद्यार्थिनीचा वेळ, विद्यार्थिनीची वही आणि शंका विचारण्यास कोणी जाणते माणूस मिळावयास हवे. मूल मोठे झाल्यावर सवडीने शिकावे हा सल्ला येथे कामाचा नाही. मूल लहान असते त्याच वर्षांत या विद्येची गरज असते.

हा अभ्यास किती गंभीर असू शकतो हे पाहावयाचे तर चीनमधील तू यूयू या संशोधिकेचे उदाहरण घ्यावे. १९६९ साली हिवतापावरील औषध शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांना दोन लहान मुली होत्या. थोरली चार वर्षांची, धाकटी जेमतेम वर्षाची. पती दूर खेड्यात कामावर धाडलेले. थोरलीला त्यांनी निवासी बालवाडीत ठेवले व धाकटीला आपल्या आईवडिलांकडे निंगबो येथे पाठविले. त्यांनी जुन्या पोथ्यांतून व वैद्यांकडून दोन हजारांहून अधिक पाठ जमविले आणि त्यांतील ६४० निवडून एक वही तयार केली. दवणा ज्या कुळातला, त्याच कुळातील एका वनस्पतीने हिवतापाचे जंतू मरतात असे दिसले खरे, पण गुण कधी येई, कधी येत नसे. पुढे चौथ्या शतकातील एका ग्रंथात त्यांना आढळले, की ती वनस्पती उकळावयास सांगितलेलीच नाही. पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घ्यावयाचा आहे. उष्णतेने गुण जात होता. कमी उष्णतेवर अर्क काढण्याची रीत बसविल्यावर १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये १९१ व्या नमुन्याने पूर्ण यश दिले. त्या औषधाने जगभर असंख्य मुले वाचली, आणि २०१५ साली तू यूयूंना नोबेल पारितोषिक मिळाले.

या हकीकतीतील दोन गोष्टी चाकूरच्या परसदारी उपयोगी आहेत. पहिली अशी, की काढा, स्वरस, चूर्ण आणि लेप हे भेद केवळ शब्दांचे नव्हेत. वनस्पती तीच, पण रीत बदलली की गुण बदलतो. ‘पाला उकळून द्या’ एवढे सांगणारी माहिती अपुरी होय. दुसरी गोष्ट कौतुकाच्या भरात सहसा सांगितली जात नाही. मायलेकींची पुन्हा भेट झाली तेव्हा मुलींना आईची ओळख राहिली नव्हती. ही किंमत थोर म्हणून गौरवावी अशी नाही. ज्या कुटुंबात व ज्या समाजात आईच्या अभ्यासाचा भार कोणी वाटून घेत नाही, तेथे तो भार मुलावर पडतो किंवा आईच्या झोपेवर पडतो. खेड्यातील स्त्रीकडून असा त्याग कोणी मागू नये, आणि मागण्याची गरजही नाही. तिला प्रयोगशाळा चालवावयाची नसून दिवसाचा अर्धा-पाऊण तास हवा आहे.

तो तास कोठून काढावयाचा? २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या कालवापर पाहणीत असे दिसून आले, की घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्या बिनमोल कामात जातात. पुरुषाची ९७ मिनिटे जातात, आणि तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. असे पुरुष शेकडा सव्वीसच भरले. मुलांची निगा याशिवाय वेगळी. चाकूर-अहमदपूरकडे उन्हाळ्यात पाण्यासाठी जाणारा वेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे घागर कोणाच्या डोक्यावर होती हे सांगावयास नको. तेव्हा कारभाऱ्याने संध्याकाळी मूल सांभाळले, सासऱ्याने नातवाला अंगणात खेळविले, पाण्याची एक खेप घरातील तरण्या मुलाने केली, तर तास निघतो. शेतीच्या नव्या वाणासाठी घरचा माणूस दिवस मोडून प्रात्यक्षिकास जातो. मुलाच्या औषधासाठी त्याच्या बायकोला तासभर मोकळीक द्यावी हे काही जगावेगळे मागणे नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या वर्गांच्या वेळाही एकवार तपासून पाहाव्यात. सकाळी दहा वाजता ग्रामपंचायतीत बोलाविलेल्या सभेला लेकुरवाळी येत नाही म्हणून तिला आवड नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. दुपारची जेवणे झाल्यावर, अंगणवाडीत किंवा देवळाच्या ओवरीत, झोळी बांधावयास जागा असेल अशा ठिकाणी, अर्ध्या तासाचा एकच धडा ठेवावा. मूल रडले तर वर्गाने थांबावे. एका बैठकीत एकच वनस्पती दाखवावी, पुढच्या वेळी तीच पुन्हा विचारावी. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात ज्या स्त्रिया ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार झाल्या, त्यांतील कित्येकींना लिहितावाचता येत नव्हते आणि बहुतेकींच्या मागे संसार होता. त्यांना शिकविण्याची पद्धत हीच होती: थोडे शिकावयाचे, गावात जाऊन करून पाहावयाचे, परत येऊन सांगावयाचे. १९७९ साली त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो काही मोठ्या इमारतींमुळे नव्हे. मराठवाड्यातच तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, हेही जवळचे उदाहरण आहे.

शिकविणाऱ्याने शिकावयासही तयार असावे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही तेथील बायकांपाशी बसून झाडांविषयीचे त्यांचे ज्ञान टिपून घेत राहिल्या. त्यातून ‘गोईण’ हे पुस्तक झाले. चाकूर तालुक्यातील म्हाताऱ्या सुइणी, धनगर-लमाण वस्त्यांवरील जाणत्या बायका यांच्यापाशी असलेले ज्ञान असे टिपून ठेवावयास अजून वाव आहे. हे काम तरुण आईकडून उत्तम होते. तिला प्रश्न पडलेले असतात.

आता अभ्यासात काय यावे हे पाहू. पहिली गोष्ट ओळख. बांधावर, परसात, गावठाणात अडुळसा, निर्गुडी, गुळवेल, आघाडा, माका, तरवड, शतावरी आढळतात, त्यांच्याच शेजारी धोतरा, कण्हेर, रुई आणि मोगली एरंडही उभे असतात. मोगली एरंडाच्या बिया गोड लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्यांनी हैराण होऊन दवाखान्यात जातात. कुंपणाला ते झाड लावलेल्या प्रत्येक घराने मुलांना हे सांगावयास हवे. गुळवेलीसारखी सर्वांना ठाऊक असलेली वनस्पतीही निर्धास्तपणे घेऊ नये. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली असे सहा रुग्ण नोंदविले, की ज्यांच्या यकृतास गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली. त्यावर केंद्रीय आयुष मंत्रालयाने गुळवेल निर्दोष असल्याचे सांगून, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी असे मत दिले. वाद तज्ज्ञांचा आहे. परंतु दोन्ही बाजूंनी आईला एकच गोष्ट कळते. वेल नीट ओळखल्याशिवाय तोडू नये, आणि महिनोन्‌महिने रोज पिऊ नये.

ओळख पटलेली वनस्पतीही कोठून आणली हे पाहावे. सोयाबीनच्या बांधावर तणनाशक फवारले असेल, शेजारच्या तुरीवर कीटकनाशक मारले असेल, तर त्या बांधावरचा पाला औषधासाठी सर्वस्वी वर्ज्य समजावा. रस्त्याकडेचा धुळकट पालाही नको. औषधाच्या म्हणजे फवारणीच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत काढा किंवा तेल भरून ठेवण्याची सवय काही घरांत अद्याप आहे. ती बाटली कितीही धुतली तरी विषाचीच असते. भोके पाडून ती निकामी करावी.

दुसरी गोष्ट मात्रा. घुटी उगाळताना सहाणेवर वेखंडाचे किती वेढे, जायफळाचे किती, मुरुडशेंगेचे किती, हे जुन्या बायका मोजत असत. मोजण्याची ही दृष्टी चांगली होती. पण वेढा किती दाबून घेतला, कांडी जुनी की नवी, यावर मात्रा बदलते, आणि बाजारातून आणलेल्या कुडीत अतिविषाच्या नावाखाली काय आले हे घरी ओळखता येत नाही. अतिविष व बचनाग एकाच कुळातील आहेत. बचनाग जहाल विष आहे. म्हणून येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये. घुटी नको, मध नको, साखरपाणी नको, साधे पाणीही नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यातून होणारी विषबाधा बाळाच्या श्वासावर येते. नाळेला हळद, राख, तेल काही लावू नये. ती कोरडी ठेवावी. पोटावर बिब्बा लावणे, काविळीसाठी नाकात कडू दोडक्याचा रस सोडणे हे प्रकार औषध नव्हेत.

येथे घराघरातून अडचण उभी राहते ती सासूची. तिने आपली पाच मुले घुटीवर वाढविली, आणि कालची सून वर्गातून येऊन घुटी नको म्हणते. सुनेने हे बोलावे तर उद्धटपणा ठरतो, न बोलावे तर बाळाचे नुकसान. या पेचातून सुनेला एकटीने वाट काढावयास लावणे अन्यायाचे होईल. आशा कार्यकर्तीला बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जावयाचेच असते. त्या वेळी तिने प्रथम सासूपाशी बसावे. मोठ्यांना जायफळ-हळकुंड कशासाठी देत, कोणता पाला कोठे मिळतो, हे तिला विचारावे, तिचा मान राखावा, आणि मग सहा महिन्यांची मर्यादा तिच्याच तोंडून घरात ठरवून घ्यावी. सासू या विद्येची गुरू झाली म्हणजे ती विरोधक राहत नाही. घरभेटींच्या कामाचे फळ काय असते ते गडचिरोलीने दाखविले आहे. तेथील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांनी घरी जाऊन केलेल्या निगेने नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले, हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला व पुढे देशाने ही पद्धत स्वीकारली.

आई गरोदर असेल तर तिच्या स्वतःच्या बाबतीतही मर्यादा आहेत. खोकल्यावर अडुळसा सर्वांस ठाऊक, पण त्यातील द्रव्याने गर्भाशय आकुंचन पावतो. गरोदरपणी तो घेऊ नये. कोरफडीच्या पानातून निघणारा पिवळा चीक व एरंडेल यांचेही तसेच. वनस्पती घरची, म्हणून ती निरुपद्रवी, ही समजूत प्रथम सोडावयास हवी.

तिसरी गोष्ट घरगुती उपायाची सीमा. हगवणीत घरचा उपाय खरोखर प्राण वाचवितो, आणि तो कोणत्याही दुर्मिळ मुळीचा नाही: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. हे पाणी घोट-घोट पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, उपकेंद्रातून क्षारसंजीवनीची पुडी व जस्ताच्या गोळ्या आणून चौदा दिवस द्याव्यात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत असेच क्षारमिश्रित पाणी पाजण्याचे काम घरच्या माणसांवर सोपविले होते, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. खोकल्यात मात्र श्वास मोजावयास शिकावे. मूल शांत असताना पुरे एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटास ६० वा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचा ५० वा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक असेल, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर तुळशीचा रस, ओव्याची पुरचुंडी हे सारे बाजूला ठेवून मूल दवाखान्यात न्यावे. बाळ दूध ओढीनासे झाले, झटके आले, अंग थंड पडले वा मूल उठेनासे झाले, तर क्षणही दवडू नये. साप चावला असता पाल्याचा शोध करणे म्हणजे वेळ घालविणे होय. त्यावर सर्पदंशाची लसच लागते.

वही ठेवण्याविषयी थोडे. शाळकरी मुलाची उरलेली वही चालेल. वनस्पतीचे गावातील नाव, ती कोठे आढळली, कोणी सांगितली, कोणता भाग, किती, कोणत्या रीतीने, कोणासाठी, आणि काय झाले, एवढे लिहावे. ‘गुण आला नाही’ हेही लिहावे. ते कोणी लिहीत नाही म्हणूनच निरुपयोगी उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालतात. जिला लिहिता येत नाही तिची वही तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने किंवा मुलाने लिहावी. ही वही महिन्यातून एकदा आरोग्य उपकेंद्रात वा जवळच्या आयुर्वेद पदवीधर वैद्यास दाखवावी.

राहता राहिली उत्तरा नक्षत्राची अडचण. बेट सर्वांनाच चढता येणार नाही, आणि सर्वांनी चढून मुळ्या उपटल्या तर तेथे काही उरणारही नाही. शतावरीसारखी वनस्पती मुळासाठी खणली म्हणजे ती जागा रिकामी होते. त्यापेक्षा नेहमीच्या सहा-सात वनस्पती परसात आणाव्यात. मोरीच्या पाण्यावर त्या तगतात, आणि मूल अंगणात खेळत असता आईला त्या रोज पाहता येतात, त्यांचे पान, फूल, बी ध्यानात राहते. अडुळसा व पानओवा फांदीच्या छाटांपासून येतात. गुळवेलीचे बोटाएवढे जाड कांडे निंबाच्या बुडाशी लावावे. गवती चहाचे ठोंब, कोरफडीची पिले शेजारणीकडून मिळतात. शतावरीचे बी पावसाळ्याच्या प्रारंभी रोपासाठी टाकावे. तिला काटे असतात, तेव्हा ती कुंपणाकडे, मुलांच्या वाटेपासून दूर लावावी. तुळस तर असतेच. साबण-सोड्याचे पाणी मात्र या आळ्यांत जाऊ देऊ नये, आणि शेतात फवारणी करून आलेला पंप तेथे धुऊ नये. छाटे लावण्यास मृगाचे दोन चांगले पाऊस पडून गेल्यावरचा आठवडा योग्य. पेरणीची घाई असली तरी हे काम घरच्या माणसाला एका सकाळीत उरकता येते.